वेणीचा तिसरा पेड

रात्रीच्या वेळी एका घरात आपण प्रवेश करतो. खोल्या पाच, प्रत्येक दारावर आकडा, परंतु आकड्यांचा आरंभ एकापासून न होता दोनापासून होतो आणि सहावर तो थांबतो. भिंतीवर रिकाम्या चौकटी लटकत आहेत, आणि मधोमध माळ्याकडे जाणारी एक शिडी आहे, जी अद्याप पुरी झालेली नाही. एकेका खोलीतून चित्रांचे विखुरलेले तुकडे गोळा करून आणावेत, त्यांची जुळणी करावी, चौकट भरावी, आणि तेवढ्यापुरती शिडी थोडी पुढे सरकावी, अशी ह्या घराची वहिवाट आहे. प्रत्येक खोलीमागे बारा ह्या हिशेबाने साठ तुकडे हाती आल्यावाचून माळ्याचे दार उघडत नाही; आणि ते उघडले म्हणजे कळते की दारावरच्या आकड्यांत जो एक गहाळ होता, तो पहिला भाग माळ्यावर, सर्वांच्या शेवटी, आपली वाट पाहत बसला आहे.

हे घर टिम नावाच्या एका काल्पनिक मनुष्याचे, आणि ते ज्या व्हिडिओ गेममध्ये आहे त्याचे नाव ‘ब्रेड’. खाण्याच्या पावाशी ह्या नावाचा काही संबंध नाही; त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेणी असा आहे. जोनाथन ब्लो ह्या अमेरिकन रचनाकाराने, कोणा मोठ्या कंपनीच्या आश्रयाखेरीज, पदरचे सुमारे २ लाख डॉलर खर्चून तो सिद्ध केला. डेव्हिड हेलमन ह्या चित्रकाराने जलरंगांचा भास व्हावा अशी त्याची दृश्ये रंगविली. आणि ऑगस्ट २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २०२४ साली त्याची पुन्हा रंगविलेली, रचनाकारांच्या प्रदीर्घ निरूपणासह आवृत्तीही निघाली. परंतु ह्या लेखाचा विषय सगळा खेळ नाही. माळ्यावरच्या त्या पहिल्या भागात अगदी अखेरीस येणारी जी एक लेव्हल आहे, जिला खेळाचेच नाव दिलेले आहे, तिच्याविषयी मला लिहावयाचे आहे. कारण गोष्ट सांगण्याची जी रीत मला तेथे आढळली, ती कादंबरीत, नाटकात किंवा चित्रपटात त्याच रूपात आढळणे अशक्य आहे, अशी माझी खात्री झाली आहे.

ज्या वाचकांनी असा खेळ कधी हाती घेतलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी प्रस्तावना करणे प्राप्त आहे. पडद्यावर एक छोटी मनुष्याकृती बाजूने दिसते. ती धावते, उडी मारते, शिडी चढते, आणि कड्याकपारींतून, शत्रूंना चुकवीत किंवा तुडवीत, पलीकडच्या टोकास पोहोचते. ह्या जातीच्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, आणि आरंभापासून शेवटापर्यंत ओलांडावयाच्या त्यांच्या एकेका बंदिस्त रचनेला लेव्हल. १९८१ मधल्या ‘डाँकी काँग’ ह्या जपानी खेळात एक महाकाय वानर एका स्त्रीला पळवून नेतो आणि नायक उड्या मारीत तिच्यापर्यंत पोहोचतो; १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये तीच कल्पना एका राज्याएवढी विस्तारली, आणि प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी नायकाला असे सांगण्यात येऊ लागले की राजकन्या येथे नाही, ती दुसऱ्याच किल्ल्यात आहे. एका संपूर्ण पिढीच्या मनात ह्या दोन खेळांनी एक गृहीत रुजविले: राजकन्या पळविली जाते, पळविणारा दुष्ट असतो, आणि ज्याच्या हालचाली आपल्या हाती आहेत तो तिचा त्राता असतो. पुढे ह्याच जातीला कोड्याची जोड मिळाली. तेथे हाताच्या चापल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बुद्धीला काम पडते. दार बंद आहे, किल्ली समोर आहे, वेळेचा तगादा नाही, परंतु किल्ली दारापर्यंत आणावी कशी हे बसून विचार केल्यावाचून उमगत नाही. ‘ब्रेड’ हा ह्या कोड्यांच्या कुळातला. त्यातही टिम एका राजकन्येच्या शोधात निघालेला आहे, आणि त्यालाही मजलोमजल ती दुसऱ्या किल्ल्यात असल्याचा निरोप मिळत राहतो.

येथील कोड्यांचे द्रव्य मात्र दगड, दारे आणि किल्ल्या हे नसून प्रत्यक्ष काळ हे आहे. टिम खड्ड्यात पडला, शत्रूच्या तडाख्यात सापडला, तर खेळ संपत नाही; एक बटण दाबून धरले की घडलेले सारे उलट्या क्रमाने मागे फिरू लागते, पडलेला वर येतो, मेलेला उठतो, पार्श्वसंगीतातले सूरही उलटे वाजतात. काळ मागे फिरविण्याची ही मुभा ह्यापूर्वी इतर खेळांतून दिली गेली नव्हती असे नाही. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये ती होती, परंतु तेथे ती मोजूनमापून, वाळूच्या शिलकीवर अवलंबून होती. ब्लो ह्याने ती शिल्लकच काढून टाकली. लेव्हलच्या आरंभापर्यंत, हवे तितक्या वेळा, मागे जाता येते. हे साधण्यासाठी यंत्राच्या पोटात एक अखंड दप्तर चालू ठेवावे लागते: प्रत्येक क्षणी प्रत्येक वस्तू कोठे होती, कोणत्या अवस्थेत होती, ह्याची रोजकीर्दीसारखी नोंद, आणि ते दप्तर अवाढव्य फुगू नये म्हणून, बहुतांश क्षणांपुरता, मागल्या नोंदीहून जे बदलले तेवढेच टिपण्याची तजवीज. २०१० साली ब्लो ह्याने आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत हे सारे उलगडून सांगितले होते. गेलेला क्षण येथे नाहीसा होत नाही, तो दप्तरात जाऊन बसतो, आणि दप्तरातला कोणताही कागद कोणत्याही वेळी हजर करता येतो.

चूक मोफत झाली म्हणजे खेळातली गोडी नष्ट होईल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. मलाही वाटले होते. प्रत्यक्षात उलट घडते, आणि ते कसे हे एका उदाहरणाने सांगतो. तिसऱ्या खोलीत एक खोल खड्डा आहे; तळाशी एक किल्ली आहे; खड्ड्याच्या भिंती इतक्या उंच की एकदा खाली उतरलेल्याला उडी मारून वर येणे शक्य नाही. मनुष्य पहिल्याने दोरी शोधतो, शिडी शोधतो, एखादा शत्रू पायरीदाखल वापरता येईल काय ते पाहतो. काहीच नाही. मग त्याच्या ध्यानात येते की ह्या किल्लीभोवती हिरवट प्रभा आहे, आणि ह्या खोलीत हिरवी प्रभा ज्यांना आहे त्या वस्तू काळ मागे फिरविला तरी मागे फिरत नाहीत; काळाचा हुकूम त्यांच्यावर चालत नाही. तेव्हा उत्तर असे: निःशंकपणे खड्ड्यात उडी टाकावी, किल्ली उचलावी, आणि काळ मागे फिरवावा. टिम आल्या वाटेने उलटा वर तरंगत काठावर येतो, जणू त्याने उडी टाकलीच नव्हती. परंतु किल्ली त्याच्या हातात असते. जे घडलेच नाही त्या घटनेची खूण हातात शिल्लक राहिली आहे. हे मला जेव्हा उमगले तेव्हा मी खेळ बाजूस ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो. एकही शब्द न सांगता, केवळ एक खड्डा आणि एक किल्ली मांडून, कालाच्या स्वरूपाविषयीचा एक विचार माझ्या हातांना शिकविला गेला होता. आणि तो माझ्याच हातांनी मला सापडल्यामुळे माझा झाला होता. म्हणूनच ब्लो ह्याने उत्तरे देणारी मार्गदर्शिका म्हणून जे पान प्रसिद्ध केले त्यात उत्तरे न देता, कोडी स्वतःच सोडवा अशी कळकळीची विनंती केली, हे मला सर्वथा योग्य वाटते.

इतर खोल्यांतही काळाचा कायदा असाच एकेक कलमाने बदलत जातो. चौथीत काळ टिमच्या पावलांना बांधलेला आहे: तो उजवीकडे चालला की जग पुढे सरते, डावीकडे वळला की मागे, उभा राहिला की सारे स्तब्ध, आणि शिडी चढता-उतरताना, डावे-उजवे काहीच होत नसल्यामुळे, काळही थिजून राहतो. पाचवीत मागे फिरविलेल्या कृत्यांची एक छाया उरते आणि ती ती कृत्ये पुन्हा करून दाखविते. सहावीत एक अंगठी आहे, जिच्या जवळपास काळ मंदावतो. प्रत्येक खोलीच्या देवडीत काही पुस्तके उघडी ठेवलेली असतात आणि त्यांतून टिमची कैफियत थोडथोडी वाचावयास मिळते: राजकन्या गेली ती त्याच्या हातून घडलेल्या काही प्रमादामुळे, जाताना तिने झटक्याने मान फिरविली, आणि तिची वेणी तिरस्काराने त्याच्यावर फटकारली गेली. खेळाच्या नावाचा हा एवढाच उघड उलगडा. वाचणारा त्याकडे फारसे लक्ष देत नाही. प्रमाद कोणाच्या हातून होत नाहीत? आणि चुका परत घेता येतील असे जग असते तर माणसांना एकमेकांना क्षमा करणे किती सोपे गेले असते, असा जो सूर दुसऱ्या खोलीत लागतो, तो इतका मृदू आहे की टिमविषयी मनात सहानुभूतीच दाटते.

आणि मग शिडी पुरी होते, आपण माळ्यावर जातो.

माळ्यावरच्या भागाचा कायदा सर्वांहून विचित्र आहे. तेथे काळ मुळातच उलटा वाहतो. टिम आपल्या चालीने सरळ चालतो, परंतु त्याच्या भोवतालचे जग शेवटाकडून आरंभाकडे जात असते. आणि काळ मागे फिरविण्याचे बटण दाबले की तेच जग सुलट वाहू लागते. हा नियम आपण समजून घेतो, त्यावरची कोडी सोडवितो, आणि नेमके हेच आपण पुढच्या दहा मिनिटांत विसरतो. माझ्या मते ह्या लेव्हलची सारी करामत ह्या विस्मृतीवर उभी आहे. नियम लपविलेला नाही. तो आपल्याला शिकविलेला आहे, आपल्याकडून घोटून घेतलेला आहे. आणि तरीही पुढे जे दृश्य दिसते ते इतके ओळखीचे, लहानपणापासून इतके पाठ झालेले असते की डोळे त्यालाच सत्य मानतात.

दृश्य असे. पडदा आडवा दुभंगलेला आहे: वरच्या बाजूस राजकन्या, खालच्या बाजूस टिम, मध्ये न ओलांडता येण्याजोगी भुई. एक आडदांड योद्धा राजकन्येला कवेत घेऊन आहे. तिला धरल्याची त्याची आरोळी ऐकू येते. ती त्याच्या हातून सुटते, तो तिला खाली ये म्हणून दरडावतो, ती मदतीसाठी हाक मारते, आणि धावत सुटते. मागून आगीचा लोळ येतो. ती वर धावते, टिम खाली धावतो, दोघांची दिशा एकच. तिच्या वाटेत अडथळा आला तर टिम खालून कळ दाबून तो दूर करतो. टिमच्या वाटेत दार आडवे आले की वरून ती कळ फिरविते आणि ते उघडते. एवढ्या साऱ्या खोल्यांतून जिचा केवळ उल्लेख ऐकला ती आता प्रत्यक्ष दिसते आहे, आपल्याला साह्य करते आहे, आणि प्रत्येक उघडणाऱ्या दाराबरोबर आपली छाती भरून येते. अखेर तिचे घर येते. ती आपल्या शयनगृहात जाते. टिम बाहेरून तिच्या खिडकीपाशी पोहोचतो.

तेथे एक लखलखाट होतो, आणि सगळे थांबते. राजकन्या शय्येवर निजलेली आहे. टिम काचेबाहेर उभा. पुढे जाण्यास वाट नाही, दार नाही, कळ नाही. करण्याजोगी एकच गोष्ट शिल्लक असते. आणि खेळणारा, साठ तुकड्यांच्या सवयीने, तेच बटण दाबतो जे त्याने हजारदा दाबलेले आहे.

माळ्यावर त्या बटणाचा अर्थ निराळा आहे, हे आता आठवते. जग सुलट वाहू लागते. निजलेली राजकन्या जागी होते, खिडकीबाहेर एक मनुष्य उभा असल्याचे तिला कळते, आणि ती पळते. टिम तिच्यामागे लागतो. ती कळ फिरविते, आणि त्याच्यासमोरचे दार बंद होते. आणखी धावते, आणखी एक कळ, आणखी एक वाट बंद. मघाशी उघडलेला एकेक मार्ग ती आता जिवाच्या आकांताने मिटवीत चालली आहे. शेवटी ती मदतीसाठी हाक मारते. योद्धा तिला खाली ये म्हणतो. ती त्याच्याकडे झेप घेते, आणि तो तिला धरल्याची ग्वाही देतो. शब्द मघाचेच, त्यांचा क्रम मात्र आता खरा. आणि त्यांतले प्रत्येक अक्षर आता दुष्टाचे नसून रक्षणकर्त्याचे आहे. दोघे निघून जातात. खाली टिम एकटा उरतो.

एकही घटना बदललेली नाही, हे मला पुनःपुन्हा सांगावेसे वाटते. दप्तरातला एकही कागद फाडलेला नाही, एकही नवा जोडलेला नाही. ज्याला आपण साह्य समजलो ती पलायनाची धडपड होती, ज्याला अपहरण समजलो ती सुटका होती. फेर पडला तो केवळ वाचनाच्या दिशेत. रहस्यकथेच्या शेवटी लेखक एखादी दडविलेली बाब उघड करतो आणि आपला समज उलटतो, तेव्हा त्यात लेखकाची मखलाशी असते. त्याने आपल्यापासून काही चोरून ठेवलेले असते. येथे काहीही चोरलेले नव्हते. जे होते ते सारे डोळ्यांदेखत होते, आणि चुकीचे वाचन सर्वस्वी आपले होते. शिवाय त्या स्त्रीचा पाठलाग दुसऱ्या कोणी केला आणि आपण तो पाहिला, असेही म्हणण्याची सोय नाही. पाठलाग करणारी पावले आपल्या अंगठ्यांनी टाकली होती. पाठलागाचा साक्षीदार होणे आणि पाठलागाचा कर्ता होणे ह्यांतले अंतर कोणत्याही छापील पानाला ओलांडता येणार नाही, आणि ह्या कलाप्रकाराची स्वतंत्र प्रतिष्ठा, जिच्याविषयी आपल्याकडील सुशिक्षित माणूस अद्याप साशंक आहे, माझ्या लेखी ह्या एका लेव्हलने सिद्ध केली आहे.

वेणी तीन पेडांची असते. कोणत्याही क्षणी पाहावे तर एक पेड वर असतो, एक बाजूस, आणि एक खाली दडलेला. आणि जो दडलेला त्याच्याच आधारावर वरचे दोन वळण घेतात. त्या दुभंगलेल्या पडद्यावर दोन पेड आपल्याला दिसत होते, वर राजकन्या आणि खाली टिम. तिसरा पेड होता काळाचा. तो खालून गेला होता म्हणून आपल्याला दिसला नाही, आणि बटण दाबताच तो वर आला.

माळ्यानंतर एक उपसंहार आहे. त्यातील पुस्तकांत राजकन्येचे आणखी एक रूप सूचित केले आहे: १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ज्या पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तिचे संचालक केनेथ बेनब्रिज ह्यांनी स्फोटानंतर काढलेल्या कठोर उद्गाराची पडछाया तेथे स्पष्ट उमटलेली आहे. ज्ञानाचा ध्यास घेतलेला मनुष्य निसर्गाच्या मागे लागतो, आणि जे हाती येते ते पाहून हबकतो, असा त्याचा रोख. त्याच स्फोटाच्या संदर्भात रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांना गीतेच्या अकराव्या अध्यायाची आठवण झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले, ते आपल्याकडे सर्वश्रुत आहे. अनेक चाहते ह्या बाँबलाच खेळाचा खरा अर्थ मानतात. मला ते पटत नाही. तो अर्थ तेथे आहे ह्यात वाद नाही. परंतु तो शब्दांत सांगितलेला आहे, आणि खिडकीपाशी जे घडले ते शब्दांवाचून घडले होते. एका स्त्रीच्या भीतीला विश्वाच्या भीतीचे रूपक बनविले म्हणजे ती मोठी होते असे नव्हे. ती मुळातच पुरेशी मोठी होती.

खेळात आठ तारेही दडविलेले आहेत, ज्यांची खेळ स्वतः कोठेही वाच्यता करीत नाही. त्यांपैकी एकाकरिता एक ढग इतक्या संथपणे सरकण्याची वाट पाहावी लागते की जवळजवळ दोन तास जातात. पुरेसे तारे गोळा केलेल्याला अखेरच्या लेव्हलमध्ये राजकन्येपर्यंत प्रत्यक्ष पोहोचण्याची एक वाट सापडते, आणि तो तिला स्पर्श करतो तो क्षण मीलनाचा नसून स्फोटाचा असतो. मग घराबाहेरच्या आकाशात ते तारे जुळून एक साखळदंडांनी जखडलेली स्त्री दिसते. ग्रीक पुराणात ती अँड्रोमेडा. खडकाला बांधलेली, आणि पर्सियसने सोडविलेली. मराठी ज्योतिषग्रंथांत त्याच तारकासमूहाचे नाव देवयानी आहे, आणि शेजारच्या पर्सियसचे ययाती. रचनाकाराला हे ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु मराठी वाचकाला ते आठवल्यावाचून राहवत नाही. महाभारतातही ययातीने देवयानीला हात धरून विहिरीतून वर काढले होते. तोही त्राताच होता. पुढे तिच्याशी प्रतारणा करणाराही तोच, आणि गेलेले तारुण्य परत मिळावे म्हणून आपले वार्धक्य पोटच्या पोराच्या माथी मारणाराही तोच. काळ मागे फिरविण्याची किंमत आपल्या पुराणांनी निराळ्या वहीत, परंतु मांडून ठेवलेली आहे.

हा खेळ मी माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीसोबत खेळलो. कोडी बहुतांशी तिने सोडविली, पुस्तके मी वाचून दाखविली. शेवट पाहून झाल्यावर दोनतीन दिवसांनी ती पुन्हा माळ्यावर गेली आणि ती लेव्हल तिने आरंभापासून खेळली. ह्या खेपेस ती मुकाट होती. प्रत्येक कळेपाशी थोडी थबकत होती. आगीचा लोळ मागून आलाच, त्यामुळे थांबण्याची सोय नव्हती. खिडकीपाशी आल्यावर लखलखाट झाला, राजकन्या शय्येवर दिसली, आणि मी म्हणालो, “दाब आता.”

“नको, मामा,” ती म्हणाली. “झोपू दे तिला.”

कंट्रोलर तिने गादीवर ठेवला. आम्ही जेवावयास गेलो, आणि परत आलो तेव्हा पडद्यावर सारे तसेच होते.